जोतं कितीला बुडतं? सिंहगड रस्त्यावरच्या नदीकाठच्या एका घराचं प्रकरण

घर अगदी साधं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला, विठ्ठलवाडीच्या पुढे, दोन गुंठ्यांचा प्लॉट. १९८०च्या दशकाच्या शेवटी बांधलेलं, नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभं, कॉलम-बीम नसलेलं बांधकाम. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. वर नंतर चढवलेली एक मोठी खोली आणि गच्ची. पुढे पारिजातक, मागे कपडे धुवायचा दगड, आणि मागच्या भिंतीपलीकडे एक मोकळा पट्टा सोडला की मुठा. राहणारी माणसं पाच: खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका, काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात.

२०२४च्या पुरानंतर त्यांनी मला बोलावलं ते स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून. प्रश्न वरवर सोपा होता: घर पडेल का? पहिल्याच बैठकीत त्याच्यामागचे प्रश्न बाहेर पडले. मुलाला घर विकून धायरीकडे किंवा बाणेरला फ्लॅट घ्यायचा होता. काकांचं म्हणणं, "पाणी येतं, पाणी जातं, घर कुठे जातंय?" काकूंना कुणीतरी जॅक लावून घर उचलायचा व्हिडिओ दाखवला होता. आणि शेजारच्या प्लॉटवाल्यांकडे एक बिल्डर चहाला येऊन गेला होता.

घर कोणाचं, गल्ली कोणती, हे इथे सांगत नाही. त्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांना हे वर्णन लागू पडेल.

नदीकाठी घर घेतलंच कसं

हा प्रश्न शहाणपणाने विचारणारे पुष्कळ भेटतात. उत्तर काकूंच्या माहेरच्या इतिहासात आहे, आणि तो निम्म्या जुन्या पुण्याचा इतिहास आहे. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले नदीकडचे वाडे गेले. काकूंचे आईवडील त्यात बेघर झाले आणि गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या अर्धगोल छताच्या निसेन हटमध्ये राहायला गेले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांच्या मुळाशी तोच पूर आहे.

त्या घरातली मुलगी पंचवीस-एक वर्षांनी नवऱ्याबरोबर नदीकाठचा प्लॉट घेते, तेव्हा तिला नदीचं भय नव्हतं असं नाही. पण मधल्या काळात खडकवासला दुरुस्त झालं, पानशेत नव्याने उभं राहिलं, वरसगावचं काम चालू होतं. नदी आता बांधली गेली, अशी सगळ्यांचीच समजूत होती, आणि ती अर्धी खरीही होती. वरची धरणं लहान आणि मध्यम पूर पोटात घेतात. मग पाच-सात वर्षं काठावर पाणी दिसत नाही, काठ कोरडा वाटायला लागतो, शेतमालक गुंठ्यांनी जमीन विकतो आणि घरं उठतात. मोठा पूर मात्र धरणांनी पुसला जात नाही, तो फक्त क्वचित येतो. धरणं झाल्यामुळेच काठावर वस्ती वाढली, हे वाक्य काकांना पटायला जरा वेळ लागला.

दुसरं कारण पैसा. सिंहगड रस्त्याच्या एका अंगाला मुठेचा उजवा कालवा आणि दुसऱ्या अंगाला नदी. रस्त्यालगतची जमीन महाग, नदीकडची स्वस्त. कारखान्याच्या पगारात पेठेत दोन खोल्याही आल्या नसत्या. हा भाग हिंगणे खुर्दचा. तिथे तेव्हा ग्रामपंचायत होती, १९९७मध्ये ती महापालिकेत आली. काकांकडे खरेदीखत आहे, सामाईक नावांचा सातबारा आहे, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आहे आणि तेव्हापासूनच्या घरपट्टीच्या पावत्या फाइलला ओळीने लावलेल्या आहेत. मंजूर नकाशा नाही. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

२५ जुलै २०२४

गुरुवार होता. आदल्या दिवसापासून घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता आणि शहरातही. शिवाजीनगरला चोवीस तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, लवासाच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट. खडकवासल्याचा विसर्ग रात्रीतून टप्प्याटप्प्याने वाढवत पहाटे ३५ हजार क्युसेकच्या पुढे नेला गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे नदीतून सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी जात होतं. एकतानगरी आणि आसपासच्या सोसायट्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी शिरलं. अग्निशमन दलाच्या होड्या आल्या, लष्कराला बोलवावं लागलं.

या घरात पाणी पुढच्या दाराने आलंच नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. सून पहाटे उठली ती मागच्या न्हाणीतून येणाऱ्या गुडगुड आवाजाने. नहाणी ट्रॅपमधून काळं पाणी वर येत होतं, मग संडासाच्या भांड्यातून. फाटकाबाहेरचा रस्ता त्या वेळी फक्त ओला होता. नदीची पातळी ड्रेनेज लाइनच्या तोंडावर गेली की लाइन उलटी वाहते, आणि नदीकाठच्या घराला पहिलं पाणी बहुतेक वेळा असंच मिळतं. त्यांनी पोती लावली ती पुढच्या दाराला. अर्ध्या तासात मागची भिंत ओलांडून नदीच आत आली.

मुलाने गाडी वाचवायची म्हणून गुडघाभर पाण्यात ती सुरू केली. इंजिनात पाणी गेलं. विम्याच्या सर्व्हेअरने आतली सीट, वायरिंग मान्य केलं, इंजिन नाकारलं, कारण पाण्यात उभी गाडी सुरू केल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. गाडी बुडली तर किल्ली लावू नये, ढकलता येत नसेल तर तशीच सोडावी. घराचा विमा नव्हताच. २०२१पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृहरक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. पूर तिच्यात आहे आणि इमारतीच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख, घरातलं सामानही आपोआप धरलं जातं. हप्ता ऐकून काका म्हणाले, "एवढ्यात तर महिन्याचं दूधही येत नाही." मग इतकी वर्षं का नाही काढली, हे मी विचारलं नाही.

पाहणी

पाणी ओसरल्यावर गाळ धुऊन काढला होता, पण भिंतीवरची रेघ राहिली होती. हॉलमध्ये ती जमिनीपासून साडेतीन फुटांवर. स्वयंपाकघर एक पायरी खाली आहे, तिथे चार फुटांच्या वर.

स्वयंपाकघरात एका भिंतीला चार वर्षांपूर्वी केलेल्या प्लायवूडच्या ट्रॉल्या आणि समोरच्या भिंतीला काकूंचं जुनं कडप्प्याचं मांडणीचं काम. ट्रॉल्या फुगून पुस्तकाच्या पानांसारख्या सुटल्या होत्या, रुळांत गाळ, आतून कुबट वास. समोरचा कडप्पा बादलीभर पाणी आणि ब्रशने धुऊन कोरडा. त्यावर डबे परत लागलेसुद्धा होते. सुनेने त्या दोन भिंतींकडे बघून मला एवढंच विचारलं, "नवीन किचन करताना काय घालू?" मी काही सांगायच्या आधीच काकू म्हणाल्या, "ते तिला कळलंय."

भिंतींची अवस्था अपेक्षेपेक्षा बरी होती. विटांची भिंत पाण्याने लगेच पडत नाही, ती वाळताना त्रास देते. बाहेरून कोरडी दिसली तरी आत कित्येक महिने ओल असते. घाईने पुट्टी आणि प्लास्टिक रंग मारला की तो पुढच्या पावसाळ्याआधीच पापुद्र्यासारखा निघतो. मी त्यांना दिवाळीला रंग द्यायचा नाही असं सांगितलं आणि काकू माझ्यावर नाराज झाल्या. ईशान्येकडच्या कोपऱ्यात फरशी दीड-दोन इंच खचली होती आणि भिंतीच्या बुंध्याशी तिरकी भेग होती. तिथे खणून पाहिलं. खाली काळी माती, तिच्यावर जेमतेम मुरूम. भरावातला बारीक भाग पाण्याबरोबर निघून गेला होता. पाया स्वतः ठीक होता. हे काम मुरूम भरून, कुटून, फरशी नव्याने बसवण्याचं, घर पडण्याचं नव्हे. मूळ प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

कंपाउंडची भिंत मात्र आडवी झाली होती, आणि ती पडली बाहेरच्या बाजूला, नदीकडे. लोकांना वाटतं नदीने ढकलली. खरं उलटं आहे: विसर्ग कमी केल्यावर नदी झपाट्याने उतरली, आवारातलं पाणी अडकून राहिलं, आणि त्याने भिंत आतून लोटली. भिंतीला खाली पाणी निघायला एकही भोक ठेवलेलं नव्हतं.

इथे एक आकडा शेजाऱ्यांसाठीही सांगितला. काहींनी दाराला लोखंडी फळी आणि रबर बसवून पाणी पूर्ण अडवायचं ठरवलं होतं. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं, अशी स्थिती आली तर दहा फुटांच्या भिंतीवर एक टनाहून जास्त दाब येतो. नऊ इंची विटेची, मध्ये कॉलम नसलेली भिंत त्यासाठी बांधलेली नसते. फूट-दीड फुटापर्यंत अडवा, त्यापुढे दार उघडा आणि पाणी आत येऊ द्या. सामान भिजेल, भिंत उभी राहील. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

४५ हजार आणि ३५ हजार

प्रकरणाचा गाभा इथे आहे. ऑगस्ट २०१९मध्ये खडकवासल्यातून ४५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. तेव्हा या घरात पाणी आलं होतं, पण हॉलमध्ये फक्त घोट्याएवढं. दाराच्या चौकटीच्या बुंध्याला ती रेघ अजून आहे, रंगाखाली बोट फिरवलं की लागते. २०२४मध्ये त्याहून दहा हजार कमी विसर्ग, आणि पाणी साडेतीन फूट. काकांचा ठाम आरोप: "आकडा खोटा सांगतात."

मी आकडा खोटा धरून पुढे जायला तयार नव्हतो, कारण तो न धरताही तफावतीची पुरेशी कारणं डोळ्यांसमोर होती. पहिलं, जाहीर होणारा विसर्ग हा धरणाच्या दारातला. धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी त्यात नसतं, आणि २५ जुलैला शहरावरच प्रचंड पाऊस होता. नदी भरलेली असल्याने नाल्यांना वाट नव्हती, ते जागच्या जागी तुंबले. दुसरं, नदीचं पात्र तेच राहिलेलं नाही. बांधकामांचा राडारोडा रात्री ट्रकने आणून काठावर ओतला जातो, हे त्या भागातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. भराव टाकून काठ पुढे सरकला की तेवढ्याच पाण्याला वर चढण्यावाचून पर्याय नसतो. पात्रातून विठ्ठलवाडी-वारजे रस्ता काढण्याचा घाट घातला गेला होता आणि राष्ट्रीय हरित लवादाने तो काढायला लावला, ही गोष्ट याच पट्ट्यातली. तिसरं कारण तपासायला अवघड, पण असणारच: पात्रात वाढलेली झुडपं, अडकलेली जलपर्णी, गाळ. या तिघांत कोणाचा वाटा किती, ते एका घराच्या भिंतीवरून सांगता येत नाही.

धरण आधी रिकामं का ठेवलं नाही, हा दुसरा आरोप. तोही हिशेबाने पाहिला. चारही धरणं मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यात वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला फक्त १.९७. सगळ्यात खालचं आणि सगळ्यात लहान. ३५ हजार क्युसेक दिवसभर वाहिलं तर तीन टीएमसी होतात. म्हणजे खडकवासला पूर्ण कोरडं असतं तरी तेवढ्या आवकेने ते पंधरा-सोळा तासांत भरलं असतं. अर्धं रिकामं असतं तर सात-आठ तास मिळाले असते. पूर टळला नसता, पण पहाटेचा पूर दुपारी आला असता. झोपेतला पूर आणि जागेपणीचा पूर यांत माणसांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून काकांचा हा आरोप मी पूर्ण खोडून काढला नाही. मात्र जुलैच्या शेवटी पुण्याचं पिण्याचं पाणी आणि दौंड-इंदापूरकडचं सिंचन याच साठ्यावर असतं. धरण रिकामं ठेवा म्हणणं सोपं आहे, ते ठेवणाऱ्याला मे महिन्यात उत्तर द्यावं लागतं.

रेषा आणि कागद

पुण्यात निळी पूररेषा मुठेला ६० हजार क्युसेक धरून आणि लाल पूररेषा एक लाख धरून आखलेली आहे. ढोबळ अर्थ असा की निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. विकास आराखड्यावर रेषा ठेवून पाहिली तर या प्लॉटचा मागचा भाग, म्हणजे न्हाणी आणि स्वयंपाकघर, निळ्या रेषेच्या आत आणि हॉल बाहेर. रेषा नकाशावर जाडीची असते, दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर ती जाडीच दहा-पंधरा फूट भरते. काका त्या जाडीवरून माझ्याशी तासभर भांडले.

त्या भांडणात अर्थ नव्हता, कारण ६० हजाराच्या रेषेबाहेरच्या हॉलमध्ये ३५ हजाराला साडेतीन फूट पाणी येऊन गेलं होतं. कागदावरची रेषा परवानगीसाठी लागते. राहण्यासाठी वेगळा आकडा लागतो: आपलं जोतं, म्हणजे ज्या चौथऱ्यावर घर उभं आहे तो, किती क्युसेकला बुडतं? तो आकडा कोणत्याही कार्यालयात मिळत नाही, घरी काढावा लागतो. आणि तो कायमचा नसतो, पात्र बदललं की बदलतो.

परवानगीचा भाग थोडक्यात. राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम बंद. वाहनतळ, बाग असले वापर चालतात. आधीच्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास जलसंपदा विभागाच्या ना-हरकतीने करता येतो, पण लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यातही उंचीची तीच अट. "अधिकृत" या शब्दाशी हे घर अडतं. मंजूर नकाशा नाही, ग्रामपंचायतीचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. तीस वर्षं कर घेणाऱ्या यंत्रणेने ऐनवेळी घर अनधिकृत ठरवावं हे काकांना अन्यायाचं वाटतं, आणि मलाही त्यात न्याय दिसत नाही. पण नियम तसा आहे.

चार पर्याय

विकणं. पुरानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत जो भाव सांगितला गेला त्यात धायरीला वन बीएचकेही बसत नव्हता. शिवाय घेणारा बहुतेक राहणारा नव्हता, पुढेमागे बिल्डरला विकण्यासाठी प्लॉट गोळा करणारा होता. मुलाचा आग्रह हा आकडा ऐकून निम्मा झाला.

जॅक लावून उचलणं. हरियाणातले कारागीर महाराष्ट्रभर ही कामं करतात आणि चांगली करतात. जोत्याशी भिंत तोडत तोडत खाली लोखंडी चॅनल आणि जॅक घालतात, रोज थोडं थोडं वर घेतात, खाली नवी वीट भरतात. रस्ता उंच होऊन घर खड्ड्यात गेलं असेल तर हा उत्तम इलाज. इथे चार फूट उचललं असतं तर २०२४चं पाणी हॉलमध्ये आलं नसतं. मी तरी नको म्हणालो. काळी माती आणि खचलेला कोपरा हे एक कारण. खरं कारण वेगळं: चार फूट वर गेलेलं घर ३५ हजाराला कोरडं राहील आणि भोवती छातीएवढं पाणी असेल. आतली माणसं घर कोरडं आहे म्हणून थांबतील. मग विसर्ग ५० हजारावर गेला की सत्तरीच्या दोघांना अंधारात होडीने काढावं लागेल. काकूंना हे कारण पटलं, काकांना खर्चाचं पटलं.

शेजाऱ्यांसह पुनर्विकास. दोन गुंठ्यांवर एकट्याने लाल रेषेच्या वर चढणं परवडत नाही. पाच-सहा प्लॉट एकत्र आले, खाली मोकळे वाहनतळ ठेवले, लिफ्ट आली, तरच गणित जुळतं. दीर्घकाळासाठी हाच खरा मार्ग आहे असं माझं मत आहे, आणि तोच सगळ्यात लटकलेला आहे. एका प्लॉटवर भावाभावांचा दावा, एक मालक अमेरिकेत, आणि सगळ्यांचीच कागदपत्रं काकांसारखी. बिल्डर पुन्हा चहाला आला नाही.

चौथा पर्याय म्हणजे खालचा मजला बुडणार हे धरूनच राहणं. तोच निवडला.

केलं ते

सगळ्यात आधी ड्रेनेज. आवारातल्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. नदीचं पाणी मागे येत नाही, पण झडप बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही. म्हणून झडप बंद झाली की न्हाणी-संडास वापरायचे नाहीत, हे दारावर लिहून ठेवलं.

वीज. खालच्या मजल्याची सगळी वायरिंग छतातून खाली आणली, पूर्वी ती जमिनीलगत होती. स्विचबोर्ड पाच फुटांवर, खाली-वर वेगळे एमसीबी, मीटर जिन्याच्या वळणावर. इन्व्हर्टर वरच्या खोलीत. जमिनीखालची पाण्याची टाकी बंद करून टाकली, कारण पुराचं पाणी शिरलेली टाकी कितीही धुतली तरी त्यातलं पाणी प्यायचं धाडस होत नाही. नदीच्या पुरात सांडपाणी मिसळलेलं असतं. गाळात अनवाणी चालू नका, लेप्टोस्पायरोसिस टाळण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, हे त्या वर्षी मी सिव्हिल इंजिनिअर असून सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं वाक्य असेल.

स्वयंपाकघरात कडप्पा आणि स्टीलचे डबे. हॉलमध्ये साडेचार फुटांपर्यंत फरशी, दिवाण लोखंडी, गाद्या वर नेता येतील इतक्या हलक्या. देवघर, कपाटं, कागदपत्रं, नातीची पुस्तकं आणि काकूंचं शिवणयंत्र कायमचं वरच्या खोलीत. कंपाउंड भिंत नव्याने बांधली, खालच्या थरात दर पाच फुटांवर भोक ठेवून.

आणि फाटकाच्या खांबावर पट्टी रंगवली. रस्त्यापासून वर दर सहा इंचाला लाल ऑइल पेंटची रेघ. काकांना काम हवंच होतं. विसर्गाचा मेसेज मोबाइलवर आला की ते वेळ, क्युसेक आणि पाणी कुठे आहे ते वहीत लिहितात: नाला, मागची भिंत, खांबावरची रेघ. एका पावसाळ्यात या घराचं स्वतःचं कोष्टक तयार झालं. १५ हजाराला गाडी आणि स्कूटर मुख्य रस्त्यावर. २० हजाराला चेंबरमध्ये पाणी दिसतं, झडप तपासायची, गॅस सिलिंडर, मिक्सर, गाद्या वर. २५ हजार आणि विसर्ग वाढवण्याची सूचना, दोन्ही एकत्र आलं की खालचा एमसीबी बंद, काका-काकू आणि नात मुलाच्या मेहुण्याकडे, रात्र असो की दिवस. आकडे या घराचे आहेत. चार घरं सोडून असलेल्या घराने ते उचलू नयेत, तिथलं जोतं वेगळं आहे.

काकांनी तिसऱ्या पायरीला हरकत घेतली होती. घर सोडायचं नाही, वर बसू म्हणाले. तो वाद नातीने मिटवला. "आजोबा, तुम्ही वर बसलात की बाबा पण बसणार. मग मी कोणाबरोबर जाऊ?"

ऑगस्ट २०२५

विसर्ग पुन्हा ३५ हजाराच्या पुढे गेला. एकतानगरीत पुन्हा पाणी आलं, पुन्हा लोकांना हलवावं लागलं. या घरातली तिघं वहीप्रमाणे आधीच निघून गेली होती, मुलगा आणि सून वरचं आवरून नंतर निघाले. पाणी हॉलमध्ये आलं. न्हाणीतून आलं नाही. झडप धरून राहिली, म्हणजे घरात शिरलेलं पाणी नदीचं होतं, गटाराचं थेट नव्हे. वासात हा फरक सुनेला लगेच जाणवला. कंपाउंड भिंत उभी होती. दुसऱ्या दिवशी पाइप लावून फरशी धुतली, दोन दिवसांत स्वयंपाक खाली सुरू झाला. नुकसान म्हणाल तर दिवाणाखाली विसरलेली चपलांची रॅक आणि पारिजातक.

विमा आता आहे. पुराचा दावा केलेला नाही, कारण भिजण्यासारखं खाली फारसं ठेवलेलंच नव्हतं. घराला काय भाव येईल, हा विषय मुलाने पुन्हा काढला आहे. शेजारचा अमेरिकेतला मालक डिसेंबरात येणार, तेव्हा सगळ्या प्लॉटवाल्यांची बैठक काकांच्या गच्चीवर ठरली आहे. बैठकीआधी जलसंपदा विभागाकडून पूररेषेची प्रत्यक्ष आखणी करून घ्यावी, अर्ज सामाईक असावा, आणि सोबत प्रत्येक घराच्या जोत्याची पातळी एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे एकाच पक्क्या खुणेपासून, मोजलेली असावी, असं मी सांगितलं आहे. लेव्हल मशीन माझं, स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी धरायला नात तयार आहे. अर्जाचा मसुदा काकांकडे आहे. त्यात त्यांनी राडारोड्याचा एक परिच्छेद वाढवला आहे. तो मी काढलेला नाही.